आखाजीचं परिपत्रक

गणपतीचं परिपत्रक येतं.
आधी मोबाइलवर, मग शिक्का मारून कागदावर.
भीमसिंग पावरा ते बूथच्या काचेला आतून चिकटवतो,
उलटं. मग सरळ करतो.
अमुक मध्यरात्रीपासून तमुक मध्यरात्रीपर्यंत
कोकणात जाणाऱ्या हलक्या वाहनांस पथकर माफ.
पास हवा. पासावर नंबर हवा.
नंबर गाडीशी जुळायला हवा.

इथून, धुळ्याच्या या कडेहून, कोकणात कोण जाणार?
एक जण जातो. शिरपूरला बदली होऊन आलेला
दापोलीचा बँकवाला.
गेल्या साली अकरा चाळीसलाच येऊन
नाक्याच्या अलीकडे कडेला लावली त्यानं गाडी.
मागे बायको-पोरं झोपलेली, मांडीवर पास,
घड्याळाकडे बघत वीस मिनिटं.
बारा वाजून एक मिनिटाला माझ्या लेनमध्ये आला
परीक्षेला बसल्यासारखा.

वरच्या अँटेनानं टॅग वाचला
आणि पैसे कापले.
यंत्राला कागद वाचता येत नाही,
त्याला कुणीतरी आतून सांगावं लागतं,
आणि सांगणारा साहेब झोपलेला.
मी तक्रारवहीत त्याचं नाव लिहिलं.
पैसे परत आले म्हणे, दिवाळीच्या आसपास.

बाकी माफीच्या गाड्यांचीही पावती निघतेच. रक्कम शून्य.
ते शून्य जपून ठेवायचे असतात,
कंपनी त्यांची बेरीज करून सरकारकडे पाठवते.
शून्यांची बेरीज किती येते, ते आम्हाला सांगत नाहीत.
आम्हाला एवढंच कळतं:
गाड्यांना सूट असली की आमची सुट्टी रद्द.

आखाजीला मात्र काहीच येत नाही.

वैशाखातली दुपार, पत्र्याखाली चव्वेचाळीस,
आणि पिकअपमधून, रिक्षांमधून, जीपच्या मागच्या फळीवरून
लेकी चाललेल्या माहेरी.
पदर तोंडाला, मांडीवर पोर, पायाशी पिशव्या.
उखर्डू माळी पारोळ्याकडून लेकीला घेऊन आला.
टॅग काळ्या यादीत. रोखीनं दुप्पट.
चष्मा वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"आखाजीले बी टोल लागस का, माय?"

लागतो, बाबा.
"मंग गणपतीले कसा लागत नही?"
मी काचेवरच्या जुन्या चिकटपट्टीच्या खुणेकडे पाहिलं.
भीमसिंग हसला, मग हसायचा थांबला.

मी नियम सांगितला. नियमच सांगता येतो.
चोवीस तासांत परत आलात
तर जाऊन-येऊन दीडपटच पडेल.
तेव्हा मागून ती पोरगी म्हणाली,
"चोवीस तासांचं कुठं माहेर असतं, ताई?"
नोटा मोजून झाल्या होत्या. मागे हॉर्न वाजत होते.
दांडा वर गेला तरी तिची मान
माझ्या खिडकीकडेच वळलेली.
"तुम्ही नाही का गेल्या?"

पुढची गाडी, म्हणाले मी.

माझं माहेर नाक्यापासून अकरा किलोमीटर.
तिथं निंबाला दोर बांधला असेल,
गौराई बसली असेल, वहिनीनं घागरीवर डांगर ठेवलं असेल,
आणि झोक्यावर माझ्या जागी
भावाची मुलगी उभी राहून झोका घेत असेल,
माझ्याहून उंच.
रजेचा अर्ज मीही केला होता.
त्यावर शेरा आला: सणासुदीची गर्दी.

रात्रभर दांडा वर, खाली, वर.
पहाटे चारला केळीचे ट्रक, ओल्या पानांचा वास,
कुणा ड्रायव्हरची झोपाळू शिवी.
आठला शिफ्ट सुटली.

नाक्याच्या डाव्या अंगाला एक चिंचोळी वाट आहे,
दुचाक्यांची.
तिला दांडा नाही, अँटेना नाही, पावती नाही,
कुठलंच परिपत्रक तिच्यासाठी निघालेलं नाही.
पाच वर्षं मी तिथूनच घरी जाते,
उजवीकडे वळून, सासरी.

गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहून गेलं.
स्कूटी त्या वाटेनं काढली, डावीकडे वळवली.
भीमसिंगनं लांबूनच पाहिलं
आणि उगाचच आपला हात
कोपरातून सरळ वर केला.